नाडगौडांची तासाभराची बैठक

चंद्रकांत नाडगौडांनी रविवारी सकाळी बरोबर नऊ वाजता गच्चीवर घोडा-बैठक मारली आणि नऊ वाजून सतरा मिनिटांनी त्यांना लकवा झाल्याचं गल्लीत जाहीर झालं.

घोडा-बैठक म्हणजे नसलेल्या घोड्यावर बसायचं. पाय खांद्यांच्या दुप्पट फाकवायचे, मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ, आणि हात छातीसमोर असे, की जणू एखाद्या झाडाला मिठी मारली आहे. मग हलायचं नाही. पहिल्या मिनिटाला हे सोपं वाटतं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या बोलू लागतात, आणि दहाव्या मिनिटाला जे बोलतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

नाडगौडा मूळचे सांगलीचे. चौऱ्याहत्तर साली बँकेत लागले आणि पहिलंच पोस्टिंग कलकत्त्याला मिळालं. खोलीच्या खाली एका म्हाताऱ्या चिनी चांभाराचं दुकान होतं. तो पहाटे दुकानाच्या मागे ही बैठक मारून उभा असायचा. नाडगौडांनी त्याच्याकडून ती घेतली. पुढे नागपूरला बदली झाली, तिथं कराटेचा क्लास होता; सहा वर्षं घासून काळा पट्टा मिळवला. मग लखनौ. इथं ना चिनी गुरू, ना जपानी, म्हणून आठ वर्षं एकट्यानंच सकाळी साडेपाचला गच्चीवर. ताप असो, ऑडिट असो, खंड नाही. बायको माणिक म्हणायची, "वीस वर्षांत तुम्ही कुणाला एक चापट मारली नाहीत. झुरळ दिसलं तर मलाच हाक मारता. हे सगळं कशासाठी?"

नाडगौडा पट्ट्याची घडी घालून बाजूला होत. पण वीस वर्षं पुरी होताना एकदा तरी अखंड एक तास बसायचं, असा त्यांनी पण केला होता. त्यासाठी ते सुट्टीच्या दिवशी उशिरा, निवांत बसत. चांभाराचा नियम कडक होता. तोंड मिटलेलं, श्वास नाकानं, आणि श्वास मोजायचे. शब्द तोंडातून गेला की मोजणी शून्यावर. मागच्या वर्षी त्रेचाळीस मिनिटांवर गॅसवाला आला. दिवाळीत एक्कावन्नाव्या मिनिटाला मॅनेजरसाहेबांचा फोन आला. या वेळी मात्र त्यांनी सगळा बंदोबस्त केला होता. माणिक आणि मुलगी पूर्वा महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाच्या तयारीला गेल्या होत्या. फोनचा रिसीव्हर काढून ठेवला होता. जिन्याच्या दाराला कडी घालायची तेवढी राहिली.

त्या दारातून घरमालकीण ठकुराइन वड्या वाळत घालायला वर आल्या.

"अरे भाईसाहब, ज़रा ये चादर पकड़ लीजिए।"

भाईसाहब हलले नाहीत. ठकुराइननी पुढं येऊन पाहिलं. भाडेकरू अर्धवट बसलेला, डोळे समोर खिळलेले, कपाळावर फेब्रुवारीत घाम. "भाईसाहब? तबियत तो ठीक है?"

नाडगौडांनी विचार केला, बोलायचं नाही, पण डोळ्यांनी सांगायला काय हरकत आहे? त्यांनी डोळे मोठे करून डावी-उजवीकडे फिरवले. वड्यांची परात खाली पडली.

"अजी सुनते हो! नाडगौडा साहब को हवा लग गई!"

घरमालक जयसिंग ठाकूर धापा टाकत वर आले. त्यांच्यामागून तळमजल्यावरचे बाबुराव पेंढारकर आले. हे नाडगौडांच्याच बँकेत कॅशियर होते आणि त्यांचा मेव्हणा औषधविक्रेता असल्यानं त्यांना वैद्यकातलं सगळं कळे.

"नाडगौडा, ओळखलंत का मला?" बाबुरावांनी कानाशी ओरडून विचारलं.

नाडगौडांनी, घाबरण्यासारखं काही नाही हे सुचवण्यासाठी, हसण्याचा प्रयत्न केला. विसावं मिनिट चालू होतं. मांड्यांतल्या कळा थेट गालापर्यंत पोचल्या होत्या, त्यामुळे हसू एकाच बाजूनं आलं.

"तोंड वाकडं झालं! बघा, डावीकडे! टिपिकल केस आहे ही."

"डॉक्टर?" जयसिंगांनी विचारलं.

"इतवार को कौन मिलेगा?" ठकुराइन म्हणाल्या. "बन्ने उस्ताद के यहाँ ले चलो। चौक में। मेरे जीजाजी की गर्दन उन्होंने ही सीधी की थी।"

एक शब्द, नाडगौडांच्या मनात आलं. 'ठीक आहे' एवढं म्हटलं तरी हे सगळे खाली जातील. पण मग मोजणी शून्यावर. आज चोवीस मिनिटं कमावलेली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"दातखीळ पण बसली," बाबुराव म्हणाले.

मग चौघांनी त्यांना उचललं. चौथा होता दारावर आलेला भाजीवाला. जिना अरुंद, नाडगौडांचे गुडघे रुंद. सरळ नेता येईनात, म्हणून कपाट उतरवतात तसं त्यांना आडवं फिरवून उतरवलं. वळणावर जयसिंग म्हणाले, "पैर ज़रा मोड़ दें?" आणि दोघांनी गुडघे एकत्र आणायला जोर लावला. नाडगौडांनी वीस वर्षांत कमावलेली सगळी ताकद त्या क्षणी गुडघ्यांत एकवटली. गुडघे तसूभर हलले नाहीत.

"लोखंड झालंय हो," बाबुराव हळहळले. "बिचारा मनुष्य!"

जमीन पायाखालून गेली होती. पण मांड्यांचा कोन त्यांनी मोडू दिला नव्हता आणि श्वास एकशे बासष्टावर होता. भाजीवाल्यानं ठेल्यावरची फुलकोबी एका बाजूला सारली आणि नाडगौडांना मध्ये ठेवलं. तळवे फळीला टेकताच त्यांना बरं वाटलं. ठेला निघाला. दोन्ही बाजूंनी जयसिंग आणि बाबुराव, मागे ठकुराइन, आणि मध्ये फुलकोबीत पांढऱ्या कराटेच्या पोशाखात, काळा पट्टा बांधून, झाडाला मिठी मारलेले नाडगौडा. गल्लीतून चौकाकडे वळताना एका पानवाल्यानं हात जोडले. मिरवणूक कसली आहे ते त्याला कळलं नसावं.

चौकाच्या तोंडाशी समोरून एक रिक्षा आली. तिच्यात माणिक आणि पूर्वा. हळदीकुंकवाचं सामान अर्धं घरीच विसरलं होतं.

"मम्मी," पूर्वा म्हणाली, "वो पापा हैं ना? ठेले पे?"

माणिकनं रिक्षा थांबवली आणि पदर खोचून ठेल्याशी आली. सगळे एकदम बोलू लागले. लकवा, दातखीळ, वाकडं तोंड, उस्ताद. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ अडतीस.

"बरे आहात ना?" तिनं हळूच विचारलं. "बरे असाल तर एकदाच डोळे मिटा."

नाडगौडांनी एकदाच डोळे मिटले.

आता खरं सांगून टाकावं, असं माणिकच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं भोवती नजर टाकली. पंधरावीस माणसं जमली होती. माझे पती आजारी नाहीत, ते आपल्या खुशीनं असे बसले आहेत, हे या लोकांना सांगायचं? उद्या याच गल्लीत राहायचं होतं. वेड्याची बायको म्हणवून घेण्यापेक्षा लकवा बरा. शिवाय अडतीस मिनिटं झाली होती. आठ वर्षं पहाटे साडेपाचला उठून या माणसाचा चहा तिनंच केला होता.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "चलो भैया, जल्दी!" आणि ठेल्याचा एक दांडा तिनं स्वतः धरला; पूर्वा रिक्षा सोडून मागून निघाली. दर थोड्या वेळानं ती नवऱ्याच्या कानाशी वाकून पुटपुटे, "एक्केचाळीस." "चव्वेचाळीस." बाबुरावांना वाटलं, ती जप करते आहे. त्यांचे डोळे पाणावले.

बन्ने उस्तादांचं दुकान म्हणजे तेलाचा वास मारणारी एक लांबट खोली. भिंतीवर मुद्गलं, कोपऱ्यात मातीचा हौदा. उस्ताद चौऱ्याहत्तर वर्षांचे, काडीसारखे. नाडगौडांना आत आणून ठेवलं. उस्तादांनी भोवती एक फेरी मारली. मांडीवर दोन बोटं दाबली. नाकासमोर हात धरून श्वास पाहिला. मग ते माणिककडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"बेगम साहिबा, लकवे में तो जिस्म ढीला पड़ जाता है। ये तो पत्थर हैं। कितना बाक़ी है इनका?"

माणिकनं घड्याळ पाहिलं. "ग्यारह मिनट."

"बाहर तशरीफ़ रखिए आप लोग," उस्तादांनी जयसिंग-बाबुरावांना सांगितलं. "नस नाज़ुक है।" त्यांनी दार लोटलं, लुंगी वर खोचली आणि नाडगौडांच्या समोर, पाय फाकवून, तश्शीच बैठक मारली. "साथ हो तो वक़्त कट जाता है।"

नाडगौडांची मांडी आता शिवणयंत्रासारखी थरथरत होती. घाम डोळ्यांत उतरत होता. छपन्नाव्या मिनिटाला त्यांना कलकत्त्याचा म्हातारा दिसायला हवा होता. पण दिसत होता तो फक्त समोरचा हा काडीसारखा माणूस, जो आपल्या पतंगांच्या आठवणी सांगत होता. ते त्याच्या डोळ्यांना चिकटून राहिले. सत्तावन्न. अठ्ठावन्न. माणिकनं पदराचं टोक मुठीत पिळलं होतं.

"झाला!" ती ओरडली. "अहो, तास झाला!"

नाडगौडा जमिनीवर कोसळले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. हसता हसता रडले. माणिक शेजारी बसून त्यांचे गुडघे चोळू लागली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की उस्ताद अजून बसलेलेच आहेत. त्याच बैठकीत त्यांनी कोनाड्यातला चहाचा पेला घेतला आणि फुंकर घालून एक घोट घेतला.

"उस्ताद, तुम्ही... आप रोज़ कितनी देर?" नाडगौडांनी विचारलं. तासाभरातला हा त्यांचा पहिला शब्द.

"घड़ी तो हमारे पास है नहीं," उस्ताद संकोचून म्हणाले. "नाश्ते के बाद बैठ जाते हैं, ज़ुहर की अज़ान तक। मरीज़ भी ऐसे ही देख लेते हैं। मगर आपका शौक़ माशाअल्लाह बहुत अच्छा है। जारी रखिए।"

दुपारच्या नमाजापर्यंत, म्हणजे अडीच तास. रोज. नाडगौडांनी डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला आणि हात जोडले.

दार उघडलं. बाहेर आता पन्नास माणसं होती. नाडगौडांचे पाय मात्र पार गेले होते. माणिक आणि पूर्वा त्यांना दोन्ही बाजूंनी अक्षरशः फरफटत बाहेर आणत होत्या. 

"ये क्या?" जयसिंग ओरडले. "आए थे तो खड़े-खड़े आए थे!"

"आणलं तेव्हा निदान अर्धे तरी उभे होते," बाबुरावांनी दुजोरा दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "उस्ताद बूढ़े हो गए, अब हाथ में वो बात नहीं रही।" पायरीवर मान धरून बसलेलं एक गिऱ्हाईक गुपचूप उठलं आणि चपला शोधू लागलं.

उस्तादांच्या कानावर ते गेलं. त्यांनी मान खाली घातली.

नाडगौडांनी ते पाहिलं.

"सोड," ते माणिकला म्हणाले.

"पडाल."

"सोड म्हणतो ना. पूर्वा, तूही."

ठेला बारा पावलांवर होता. नाडगौडांनी पाठ ताठ केली, नाकानं श्वास घेतला आणि उजवा पाय उचलला. तो आपला नसून दुसऱ्या कुणाचा उसना आणल्यासारखा पुढे पडला. मग डावा. सातव्या पावलाला गुडघा वाकला. पण त्यांनी तो अशा रुबाबात सावरला, की लोकांना वाटलं ते कुणाला तरी अदब करताहेत. बाराव्या पावलाला त्यांनी ठेल्याची कड धरली आणि मागे वळून मोठ्यानं, साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं, म्हणाले,

"शुक्रिया, उस्ताद! बिलकुल ठीक हूँ।"

टाळ्या पडल्या. चपला शोधणारं गिऱ्हाईक परत पायरीवर येऊन बसलं, आणि त्याच्यामागं आणखी तिघं.