वहीतला चौथा डाव

एखादी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडली, एवढ्यानं ती झाली असं होत नाही. ती झाली असं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, आणि लिहिणाऱ्याचं डोकं त्या वेळी ठिकाणावर असावं लागतं. आमच्या गावात यातली पहिली अट कायम पाळली जाते.

आमचं गाव डोब्री, नेब्रास्का. लोकवस्ती १,१८४. (वेशीवरच्या पाटीवर १,२०० आहे. आकडा बदलायला हवा हे सर्वांना मान्य आहे, पण पाटी रंगवणारे गृहस्थ त्या कमी झालेल्या सोळांपैकीच एक होते.) गावात एक धान्याचं कोठार, दोन चर्च, एक बेसबॉलचं मैदान आणि एक समिती आहे. समितीचं पूर्ण नाव ‘एका डावात दोन होमरन मारणाऱ्या खेळाडूंची पडताळणी व सन्मान समिती’. ती १९५९ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून तिनं एकाही खेळाडूचा सन्मान केलेला नाही. इतकी काटेकोर समिती आमच्या काउंटीत दुसरी नाही.

एका डावात दोन होमरन ही फार विनम्र कामगिरी आहे, कारण ती एकट्यानं करताच येत नाही. आधी स्वतः चेंडू कुंपणापार घालवायचा. मग बाकावर जाऊन बसायचं, आणि तीन गडी बाद व्हायच्या आत उरलेल्या आठही जणांची पाळी होऊन आपली पुन्हा येईल का याची वाट बघायची. शिवाय समोरच्या प्रशिक्षकाची आपल्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, अढळ श्रद्धा लागते. म्हणजे मारतो एक, राबतात आठ, मार खातो दहावा, आणि मैदानाच्या फळ्यावर नाव लागतं पहिल्याचं. (नागरिकशास्त्राच्या तासाला आम्हाला हेच शिकवतात, फक्त उदाहरणं वेगळी असतात.)

आमच्या फळ्यावर एकच नाव आहे: एमिल पोकोर्नी, १९५८. हे एमिलआजोबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि समितीचे अध्यक्षही तेच. १९५९ पासून इर्मा वोपाट यांच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल त्यांचं आहे. तिथे त्यांना रोज सकाळी कॉफी आणि जर्दाळूचा कोलाच (गोड चेक पाव) फुकट मिळतो आणि ते रोज ती दोन होमरनची गोष्ट सांगतात. इर्माबाई समितीच्या सदस्य आहेत. तिसरे सदस्य हार्डवेअरच्या दुकानाचे मालक क्लॅरेन्स दुशेक. नियमांचं पुस्तक त्यांच्या मालकीचं आहे, म्हणून ते सदस्य आहेत.

एमिलआजोबांच्या पराक्रमाची नोंद असलेली सामन्याची वही तळघरात पाणी शिरलं तेव्हा वाहून गेली. याविषयी समितीचं मत स्पष्ट आहे: वही नाही, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकही नोंद नाही.

आता माझ्याविषयी, म्हणजे गुन्ह्याविषयी.

जूनमध्ये आमच्या संघाच्या नेहमीच्या गुणलेखिका श्रीमती ह्लादिक यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि त्यांची जागा मला मिळाली. मी सोळा वर्षांची, गणितात वर्गात दुसरी, आणि आवाज मोठा (हा गुण कामाला लागत नाही, पण निवडीच्या वेळी ऐकू येतो). क्रेन लेकच्या संघाविरुद्धचा सामना हा माझा पहिला. नाणेफेक झाली आणि घरचं मैदान असूनही पहिली फलंदाजी आमच्याकडे आली.

तिसऱ्या डावाची सुरुवात वेंडेल कुबातनं केली. वेंडेल अठरा वर्षांचा आणि नवव्या क्रमांकाचा फलंदाज. दहावा क्रमांक नसतो म्हणून नववा. तीन वर्षांत त्याचे होमरन शून्य होते. ऑगस्टमध्ये तो ओमाहाला शीतगृहातल्या नोकरीवर जाणार होता, म्हणजे बेसबॉल आणि त्याचा संबंध उन्हाळ्यापुरताच उरला होता. त्यानं पहिलाच चेंडू कुंपणावरून मक्यात घातला. पिचरनं वळून बघितलं, मग वेंडेलकडे बघितलं, मग पुन्हा मक्याकडे.

त्यानंतर आमच्या आठही जणांची पाळी झाली. त्यात फक्त एक जण बाद झाला आणि वेंडेल पुन्हा आला. या खेपेला दोन जण बेसवर उभे होते. त्यानं चेंडू पुन्हा मक्यात घातला, आधीच्यापेक्षा जरा डावीकडे.

इथे वहीची रचना समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वहीत प्रत्येक खेळाडूसमोर ओळीनं चौकोन असतात, एका डावाला एक रकाना, आणि रकान्यावर डावाचा आकडा छापलेला असतो. एकाच डावात एखाद्याची दुसऱ्यांदा पाळी आली की त्याचा चौकोन आधीच भरलेला असतो. मग शेजारचा रकाना वापरायचा, त्यावरचा छापील ४ खोडायचा आणि तिथे ३ लिहायचा. एवढंच काम. पाच वर्षांचं मूलही करील, हातात पेन असेल तर.

माझ्या हातात पेन नव्हतं. मी टाळ्या वाजवत होते.

वेंडेलची दुसरी पाळी चौथ्या रकान्यात गेली, ४ तसाच राहिला, आणि पुढचे सगळे डाव एकेक रकाना सरकले. आम्ही ११–८ असे जिंकलो. लोकांनी वेंडेलला उचलून घेतलं. त्याची आई रडली. मी वही बंद केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी चांगलं केलं या समजुतीनं घरी गेले.

समितीची बैठक मंगळवारी चर्चच्या खालच्या हॉलमध्ये भरली. छप्पन्न वेळा लोकांनी अर्ज केले आणि छप्पन्न वेळा ते फेटाळले, असा समितीचा इतिहास आहे, त्यामुळे वातावरण प्रसन्न होतं. एमिलआजोबांनी चष्मा लावला आणि माझी वही उघडली.

“तिसऱ्या डावात एक,” ते म्हणाले. “चौथ्या डावात एक. पोरगं चांगलं खेळलं.”

“आजोबा, तो तिसराच डाव आहे,” मी म्हटलं. “मी आकडा खोडायला विसरले.”

“तू नेहमी विसरतेस का?”

“पहिल्यांदाच विसरले.”

“मग या वेळीही विसरली नसशील.”

मी तोंड उघडायच्या आत इतिवृत्तात ‘अर्जदार पक्ष निरुत्तर’ असं नोंदवलं गेलं. मी तिथल्या तिथे आकडा दुरुस्त करते म्हणाले. क्लॅरेन्सनी पुस्तक बघून सांगितलं की सामना संपल्यावर वहीत फेरफार करणं म्हणजे खोटा दस्तऐवज. सामन्याच्या वेळी चूक केली तर ती मात्र अस्सल असते.

मग पुरावे झाले. सामन्याला दोनशे बारा लोक होते. समितीनं त्यांतले एकवीस बोलावले. सगळ्यांनी दोन्ही होमरन पाहिले होते, पण ‘डाव तिसराच होता हे तुम्हाला कशावरून कळलं’ असं विचारल्यावर एकोणीस जण म्हणाले, धावफलकावरून. धावफलकावरचे आकडे कोण लावतं? गुणलेखिका सांगेल तसे लावतात. गुणलेखिका कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. (उरलेले दोघे मधल्या वेळात सॉसेज आणायला गेले होते.)

वेंडेलच्या मावशीनं फोनवर दुसऱ्या होमरनचं चित्रण केलं होतं. ते पडद्यावर लावण्यात आलं. बॅट लागल्याचा आवाज येतो आणि पुढे चाळीस सेकंद मावशीचे बूट दिसतात, कारण ती उड्या मारत होती. समितीनं ते तीनदा पाहिलं.

“बूट छान आहेत,” इर्माबाई म्हणाल्या.

“पण बुटांवरून डाव कळत नाही,” क्लॅरेन्स म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्याच लक्षात एक अडचण आली. वहीप्रमाणे तिसऱ्या डावात आमचा एकच गडी बाद झाला होता आणि चौथ्यात दोन. “एमिल, तीन बाद झाल्याशिवाय डाव संपत नाही.”

“मग हा कसा संपला?”

“वहीत संपलाय.”

“झालं तर.”

मला वाटलं, आता सत्याचा विजय होतो. पण समिती भावनेच्या आहारी जात नाही. तिनं निष्कर्ष काढला की दोन्ही डावांत मिळून तीन गडी बाद व्हायचे नजरचुकीनं राहून गेले. आणि वहीत आमचे डाव आठ भरत होते, क्रेन लेकचे सातच. म्हणजे आम्ही एक डाव जास्त खेळलो होतो. म्हणजे क्रेन लेकचा एक डाव राहिला होता. डोब्री हे न्यायी गाव आहे. क्रेन लेकला पत्र गेलं: ‘आपला एक डाव आमच्याकडे शिल्लक आहे. सवडीनं येऊन खेळून जावं.’

क्रेन लेकवाल्यांनी हे पत्र आधी थट्टा म्हणून आणि नंतर संधी म्हणून वाचलं. तीन रविवारांनी दुपारी त्यांची बस आली. मुलं जेवून, गाणी म्हणत उतरली. आमचा संघ मैदानात उभा राहिला. ते अकरा–आठनं मागे होते आणि त्यांना जिंकायला चार धावा हव्या होत्या. आम्हाला तीन गडी बाद करायचे होते. वेंडेल डाव्या बाजूला, कुंपणाजवळ.

जाण्याआधी तो माझ्या टेबलापाशी आला होता.

“मार्ला, आज नीट लिहिशील ना?”

“आज तू मारणार नाहीयेस.”

“ते मला ठाऊक आहे. तरी पण.”

मी पेन दाखवलं. दोन पेनं आणली होती, आणि टाळ्या वाजवायला नकोत म्हणून एक हात मांडीखाली ठेवला होता.

तो डाव सत्तेचाळीस मिनिटं चालला. क्रेन लेकच्या आयव्हर लुंडीन नावाच्या उंच मुलानं पहिलाच चेंडू वेंडेलच्या डोक्यावरून मक्यात घातला. पुढच्या आठ जणांत दोन बाद झाले. तोवर क्रेन लेक पुढे गेलं होतं, पण शिल्लक डाव तिसरा गडी बाद होईपर्यंत पूर्ण खेळायचा असं समितीनं ठरवलं होतं, म्हणून आयव्हरची पाळी पुन्हा आली. आमच्या प्रशिक्षकांची पिचरवर अढळ श्रद्धा होती. चेंडू पुन्हा वेंडेलच्या डोक्यावरून गेला. या खेपेला वेंडेलनं मान वर करून बघितलंही नाही. बॅटच्या आवाजावरून त्याला कळलं असावं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

मी काय केलं ते सांगते. मी शांतपणे शेजारच्या रकान्यावरचा छापील आकडा खोडला, तिथे योग्य आकडा शाईनं लिहिला, वेळ टाकली आणि सही केली. क्लॅरेन्स आणि इर्माबाई यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. क्लॅरेन्स म्हणाले, “आयुष्यात इतकं स्वच्छ पान पाहिलं नाही.” मला त्याचा अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून रागही आला.

क्रेन लेकनं सामना १६–११ असा जिंकला. समितीची तातडीची बैठक मैदानावरच झाली आणि ती अकरा मिनिटांत संपली. समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच अर्ज मंजूर झाला. आमच्या मैदानाच्या फळ्यावर दुसरं नाव लागलं: आयव्हर लुंडीन, क्रेन लेक.

मला वाटलं होतं, एमिलआजोबा खट्टू होतील. त्यांनी आयव्हरचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. “शाबास. घर कुठे म्हणालास?”

“क्रेन लेक. इथून साठ मैल.”

“फार लांब आहे रे,” एमिलआजोबा अत्यंत समाधानानं म्हणाले. “रोज सकाळी कॉफीला काही तुला यायला जमायचं नाही.”

वेंडेलवर अन्याय झाला असं कुणी म्हणू नये. समितीनं त्याला सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दिलं: ‘लागोपाठच्या दोन डावांत प्रत्येकी एक होमरन मारल्याबद्दल.’ ही कामगिरी आमच्या संघातल्या सहा जणांनी केली आहे आणि त्यांतल्या कुणालाही प्रमाणपत्र मिळालेलं नाही, त्यामुळे हा खास मान आहे. त्याखाली दोनशे बारा प्रेक्षकांच्या सह्या आहेत. माझ्या आईचीही आहे. “लिहून आलं होतं, गं,” ती म्हणाली, “आणि रांग मोठी होती.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी वेंडेलच्या घरी गेले. तो सामान बांधत होता. मी सगळं तयार करून नेलं होतं: तक्रारअर्ज, वहीच्या पानाची प्रत, राज्याच्या बेसबॉल संघटनेचा पत्ता. फक्त त्याची सही हवी होती.

“तू दोन्ही एकाच डावात मारलेस,” मी म्हटलं. “मी तिथे होते. चूक माझी आहे आणि ती मला निस्तरू दे.”

वेंडेलनं कागद वाचला. मग तो भिंतीकडे बघत राहिला. तिथे त्याच्या आईनं प्रमाणपत्र काचेत बसवून लावलं होतं.

“मार्ला, खरं सांगू? मधे मी बाकावर खूप वेळ बसलो होतो. एक डाव संपला असेल एवढा वेळ.”

“आठ जणांची पाळी चालली होती म्हणून.”

“असेल. पण आपण मधे फिल्डिंगला गेलो होतो असंही वाटतं मला. ऊन डोळ्यावर आलेलं आठवतंय.”

“ऊन आठवतंय, की कुणी सांगितलं?”

“आईला आवडतंय ते तिथे,” तो म्हणाला आणि कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. “उगाच काढायला लावू नकोस.”

तो ओमाहाला गेला. आता डोब्रीत अकराशे त्र्याऐंशी लोक आहेत आणि त्यांतल्या एकीला सोडून सर्वांना चौथा डाव स्वच्छ आठवतो. काहींना त्या डावात सुटलेला वाराही आठवतो. परवा मी ती वही पुन्हा काढून बघितली. ४ हा आकडा इतका ठळक आणि नीटनेटका छापलेला आहे, की पाच-दहा सेकंद मलाही तो बरोबर वाटला. म्हणून हे सगळं घाईघाईनं लिहून काढलं.

तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत, याबद्दल आभार. वेंडेलनं दोन्ही होमरन तिसऱ्याच डावात मारले याची तुम्हाला एव्हाना खात्री पटली असेल. तुम्ही मैदानात नव्हता, वेंडेलला ओळखत नाही, त्या वहीचं पान पाहिलेलं नाही, आणि सांगणारी मुलगी तर तीच, जिनं पहिल्याच सामन्यात वही चुकवली. तरी तुम्हाला शंका आली नाही, कारण लिहिलेलं होतं. काम वाढल्यामुळे समितीनं चौथ्या सदस्याची जागा काढली आहे. मी तुमचं नाव सुचवून ठेवलं आहे.