नामादादाचं वाहतं पाणी

नामादादा कुणाच्याही घरी गेला की नमस्काराच्या आधी नळ सोडतो. तुम्ही जेवत असा, नाहीतर घरात सोयरिकीची बोलणी चाललेली असोत, तो थेट मोरीत शिरतो, ओंजळीत पाणी धरतो, निरखतो आणि मगच विचारतो, "बरं हाय ना?" हे विचारणं तुम्हाला नसतं, पाइपाला असतं.

चौलच्या पुढे आमची वाडी. नामादादा तिथला पंपवाला, आणि मी, दुर्दैवाने, पाणी समितीचा सचिव. मागे धरणाच्या पाण्यातून कुठले तरी परके, नखाएवढे शिंपले पाइपात घुसले आणि अशी दाटी करून चिकटले, की अर्ध्या गावाच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. बाकीचे नुसते वैतागले. नामादादाने वैर धरलं. पाइप खरवडले, औषध सोडलं आणि सिद्धान्त काढला : "थांबलं पानी की धरलीच शिंप. वाहतं ठेवा!"

तो त्याने स्वतःलाही लावला. तेव्हापासून त्याला बसलेला कुणी पाहिला नाही. लग्नातसुद्धा पत्रावळ हातात घेऊन फेऱ्या मारतो. माझ्या बायकोने एकदा खुर्ची दिली, तर तिच्यावर चढून आमच्या टाकीत डोकावला.

बंद घरांवर त्याचा भारी राग. महिनोन्‌महिने नळ सोडायचा नाही, म्हणजे शिंपल्यांना घर आंदण दिल्यासारखंच. "तोडा यांचं कनेक्शन!" म्हणून त्याने माझं डोकं खाल्लं. शेवटी मी ठराव करून घेतला आणि यादी करायला त्यालाच धाडलं. यादीत त्याच्या सख्ख्या भावाचं घरसुद्धा होतं. नव्हतं ते फक्त हसनभाईंचं.

हसनभाई त्याचे पंपावरचे जोडीदार. तीस वर्षं दोघांनी मिळून गावाला पाणी पाजलं. मग ते मुलाकडे मस्कतला गेले आणि घराला कुलूप लागलं. आता सापडलास, म्हटलं, आणि तडक तिकडे निघालो.

अंगणातला नळ सोडलेला होता. पाणी सुपारीच्या आळ्यात चाललं होतं. आणि पायरीवर नामादादा चक्क बसला होता. मला पाहून उठलाही नाही.

"रोज येतो," तो म्हणाला. "आळं भरंपर्यंत सोडतो."

"दादा, ठराव सगळ्यांना सारखा. घर बंद आहे."

"घर बंद हाय. नळ न्हाय." त्याने धारेकडे बोट दाखवलं. "उद्या हसन आला, नळ सोडला नि पानीच न्हाय आलं तर? म्हनंल, नाम्यानं माझाच नळ तोडला."

माझा सचिवपणा कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. यादीची घडी करून खिशात घातली आणि शेजारी टेकलो.

"फोन येतो का त्यांचा?"

"आधी यायचा," नामादादा म्हणाला, आणि उठून त्याने नळ आणखी थोडा सोडला.