अकरा महिन्यांची जोली

पिनसन क्रीकमध्ये कामातून माफी मिळावी म्हणून लोक काय काय करत. सरकारी मदत घ्यायची तर दर आठवड्याला नेमून दिलेलं काम करायचं, असा नियम होता. त्यामुळे मदत कचेरीच्या पायऱ्या चढताना धडधाकट माणसंही कमरेवर हात ठेवून कण्हायला लागत. ड्रीमा टॉलिव्हरच्या शेजारचा एल्वुड तर गळ्याला पट्टा बांधून गेला आणि परतताना पट्टा काढून मासे पकडायला गेला. आणि ड्रीमाला मात्र न मागता माफी मिळाली.

तिला नेमून दिलेलं काम वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होतं. तिथे ती राजम्याच्या पातेल्यात डाव फिरवत असताना मुख्य आचारीण ऑसी तिच्याजवळ आली.

"ड्रीमा, कचेरीतून फोन आला होता. उद्यापासून तू येऊ नको म्हणे. तुला माफी झालीये."

"कसली माफी? मी कुठं मागितली?"

"घरी तान्हं बाळ आहे म्हणून."

ड्रीमाने डाव खाली ठेवला. ती त्रेपन्न वर्षांची होती. लेक ट्रकवर कामाला होती, कधी या राज्यात, कधी त्या. तिची मुलगी जोली आजीजवळ वाढत होती. जोली आजीला मॅमॉ म्हणे, पाचवीत होती आणि गेल्याच आठवड्यात तिने एल्वुडच्या सायकलची चेन बसवून दिली होती.

"अगं, अकरा वर्षांची घोडी आहे ती."

"कचेरीत अकरा महिने पडलंय. ते नीट करून ये. आणि लवकर ये बाई. मी उन्हाळ्यात निवृत्त होतेय. तेव्हा जो या चुलीपाशी उभा असेल, त्यालाच कायम करायचं म्हणतायत."

कायमची नोकरी म्हणजे डॉक्टरचा खर्च सुटणार, दाताचा खर्च सुटणार, आणि मुख्य म्हणजे कचेरीच्या पायऱ्या सुटणार. तिने ॲप्रन काढला, शाळेतून जोलीला उचललं आणि थेट कचेरी गाठली.

खिडकीमागे होबार्ट स्कॅग्ज होते. माणूस अतिशय सज्जन. वर्षभरापूर्वीच आजोबा झाले होते, आणि तान्ह्या बाळांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा साईसारखा मऊ होई.

"साहेब, चूक झालीये. ही जोली," ड्रीमा म्हणाली.

स्कॅग्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे वा. बाळाची मोठी बहीण वाटतं?"

"बाळ हीच."

साहेब हसले. ड्रीमा हसली नाही, तसे तेही थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "रात्री झोप मिळते का तुम्हाला?"

"मिळते की."

"माझी सूनही असंच म्हणते. परवा तिनं गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. या वयात तान्हं बाळ सांभाळायचं म्हणजे माणसाचं डोकं चालत नाही, बाई. माफी त्यासाठीच असते."

"मॅमॉचं डोकं चालतं," जोली म्हणाली. "मीच जोली आहे. मला भागाकार येतो."

"येणारच. मोठी भावंडं शहाणी असतात." साहेबांनी तिला गोळी दिली.

ड्रीमाने पर्समधून जन्माचा दाखला काढून पुढे सरकवला. साहेबांनी तो लक्ष देऊन वाचला.

"हा थोरलीचा. धाकटीचा आणा. पण दोघींचं नाव जोलीच का हो ठेवलंत? हाक मारली की दोघी येत असतील." मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "थांबा. थोरलीची नोंदच दिसत नाही इथे. म्हणजे तुम्हाला एकाच मुलीची मदत मिळतेय. हा तर अन्याय झाला. आत्ता घालतो नाव. पैसे वाढतील."

त्यांची बोटं यंत्रावर आली. ड्रीमाच्या डोळ्यांसमोर तुरुंगाचा दरवाजा उघडला आणि बंद झाला. नसलेल्या बाळाचे पैसे घेतले तर आपली वरात निघेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या, साहेब. थोरली काही खात नाही."

"मी खाते," जोली म्हणाली.

ड्रीमाने तिचा दंड धरला आणि तिला बाहेर काढलं.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्याही पुढे गेली होती. ओसरीवर चर्चच्या चार बायका उभ्या होत्या. त्यांच्या हातांत लंगोटांची पुडकी, दुधाच्या भुकटीचे डबे आणि पिवळ्या लोकरीचं एक टोपडं होतं. पाद्रीबाई नोव्हेला सर्वांत पुढे होत्या.

"अगं ड्रीमा, आम्हाला सांगायचं तरी. आम्ही कुणी नावं ठेवणाऱ्यातल्या का?" असं म्हणत नोव्हेलाबाई पाळणा कुठे दिसतो ते पाहायला मान लांब करत होत्या.

"बाळ नाहीये, नोव्हेला."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने डोळे टिपले.

"म्हणजे बाळ झोपलंय, असं म्हणायचंय तिला," नोव्हेलाबाई कुजबुजल्या, आणि सगळ्या चवड्यांवर चालत पायऱ्या उतरल्या. जाताना एल्वुडकडे मात्र त्यांनी कुंपणापलीकडून असं काही पाहिलं, की तो हातातला गळ टाकून घरात गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही.

जोलीने टोपडं डोक्यावर चढवून पाहिलं. ते कानांपर्यंतही आलं नाही. "मॅमॉ, मला अंगठा चोखायला लागेल का?"

"तुला गप्प बसायला लागेल," ड्रीमा म्हणाली. पण मग तिलाच हसू फुटलं, आणि दोघी ओसरीच्या पायरीवर पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली आणि वाद न घालता म्हणाली, "साहेब, माफी असली तरी मला काम करायचंय. चालतं का?"

स्कॅग्जसाहेबांनी असा प्रश्न आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांना नियमांचं जाड बाड काढावं लागलं. "चालतं. स्वखुशीनं चालतं. पण बाळाची सोय? पाळणाघरात घातलंत तरच परवानगी देता येईल. खर्च कचेरीचा."

पाळणाघर बर्निस वॅडलचं होतं. ड्रीमाने तिला सगळं खरं सांगितलं. बर्निस एका बाळाला खांद्यावर थोपटत होती, दुसरं तिच्या पायाला लोंबकळत होतं आणि तिसरं खुर्चीखाली खडू खात होतं.

"मला जोली टॉलिव्हर पाठवायला सांगितलंय," ती म्हणाली. "ही जोली टॉलिव्हर आहे ना? शाळा सुटली की येऊ दे. आणि ये गं इकडे, त्याच्या तोंडातला खडू काढ आधी."

ड्रीमा पुन्हा राजम्याच्या पातेल्यापाशी उभी राहिली. जोली रोज दुपारी पाळणाघरात जाई, खाऊ खाई, लहानांना गोष्टी वाचून दाखवी आणि बर्निसला जरा पाठ टेकू देई. उन्हाळा लागला, ऑसीने आपला डाव ड्रीमाच्या हाती दिला आणि वृद्धाश्रमाने तिला कायम केलं. तिच्या हातचा मक्याचा पाव मिळाला नाही तर जेवणार नाही, असं म्हाताऱ्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं.

मदत बंद करा म्हणून सांगायला ती शेवटची कचेरीत गेली. स्कॅग्जसाहेबांनी तिचं मनापासून अभिनंदन केलं. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. समोर पाळणाघराचा अहवाल पडला होता. बर्निस कधी खोटं लिहीत नसे.

"स्वतःच्या हातानं जेवते," त्यांनी वाचलं. "बुटाच्या नाड्या बांधते. इतर मुलांना वाचून दाखवते. हे खरं आहे, बाई?"

"अक्षर न् अक्षर."

"आमचा नातू तिच्याहून मोठा," साहेब हळूच म्हणाले. "त्याला अजून चमचा धरता येत नाही. काल दिवसभर मी त्याला अक्षरं दाखवली. त्यानं पुस्तक चाटलं."

ड्रीमाने तोंड उघडलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं, हे तिला समजत होतं. पण वृद्धाश्रमात पाव भट्टीत होता, आणि समोरचा माणूस रडायच्या बेतात आला होता. तिने खिडकीतून हात घालून त्यांचा हात थोपटला.

"मनाला लावून घेऊ नका, साहेब," ती म्हणाली. "मुलगे जरा उशिराच शिकतात."