व्हर्लीनचं रॉकेट आणि लिओनाबाईंचं झाड

स्वयंपाकघरातल्या टेबलावर रॉकेट आल्यापासून ड्वेन ब्रुंगार्ट उभ्यानंच जेवत होता. रॉकेट त्याच्या बायकोचं होतं. पाच फूट लांब, जाड पुठ्ठ्याची नळी, खाली प्लायवूडचे तीन पंख आणि वर टोकदार शेंडा. गोंद वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, टेबल हलवायचं नाही आणि शक्यतो त्या बाजूला तोंड करून शिंकायचंही नाही, असा व्हर्लीनचा हुकूम होता.

व्हर्लीननं सारी हयात शाळेच्या भटारखान्यात काढली होती. निवृत्त व्हायच्या थोडं आधी विज्ञानाच्या मास्तरांनी मैदानावर बोटाएवढं एक रॉकेट उडवलं, तेव्हा ती हातात डाव घेऊन मागच्या दारात उभी होती. सुर्रकन आवाज झाला आणि रॉकेट दिसेनासं झालं. पोरं हसत-ओरडत पांगली. व्हर्लीन मात्र मान वर करून तशीच उभी राहिली आणि आत ग्रेव्ही करपली. तिच्या हातून करपलेली ती पहिलीच.

पुढे ती मोठी रॉकेटं उडवणाऱ्या मंडळींच्या क्लबात जाऊ लागली. मोठ्या रॉकेटची इंजिनं कुणालाही मिळत नाहीत, त्यासाठी आधी पहिलं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. रॉकेट स्वतःच्या हातानं बांधायचं, परीक्षकासमोर उडवायचं, वर पॅराशूट उघडलं पाहिजे आणि खाली आल्यावर रॉकेट धडधाकट असलं पाहिजे. एवढं झालं की पास. यातलं एक जरी बिघडलं तरी पुन्हा पहिल्यापासून. जन्मभर शाळेत राहूनही व्हर्लीनची परीक्षा अशी कुणी घेतली नव्हती. तिला भीती वाटत होती. तिनं ती कुणाला सांगितली नाही आणि पंखांच्या कडांचा गोंद चमच्याच्या पाठीनं असा गुळगुळीत केला, की केकवरच्या क्रीमनं लाजावं.

ड्वेन गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवायचा, त्यामुळे रोज दहा घरी त्याचं बोलणं व्हायचं. "बायको चंद्रावर चाललीय," तो सगळ्यांना सांगायचा, "माझ्या जेवणाचं काय, ते अजून ठरलं नाही."

ठरलेल्या शनिवारी दोघं रॉकेट गोधडीत गुंडाळून क्लबच्या कुरणावर गेले. पश्चिम कॅन्सासमध्ये कुरण म्हणजे नजर थकेपर्यंत गवत आणि वर त्याहून मोठं आभाळ. परीक्षक होते ऑरिन स्टब्ज. उंच, वाळके, गळ्यात दुर्बीण आणि एका वाक्याचं काम अर्ध्यात भागवणारे. त्यांनी पंख हलवून पाहिले, पॅराशूटची दोरी ओढून पाहिली आणि गोंदाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कशानं केलंत?"

"चमच्यानं."

ऑरिननी अंगठा पुन्हा एकदा फिरवला.

रॉकेट उभ्या दांड्यावर चढवून, वायरी जोडून सगळे लांब मागे येऊन उभे राहिले. उलटे आकडे मोजले गेले. व्हर्लीननं बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि तेवढ्यात तिनं मनातल्या मनात नापास होऊनही घेतलं.

मग आवाज आला. तो कानाआधी छातीत पोचला. पांढऱ्या धुराचा खांब जमिनीतून सरळ उगवला आणि त्याच्या टोकावर तिचं रॉकेट होतं. आठवडाभर ज्याच्याशेजारी बसून तिनं वाटाणे सोलले, तेच. ते वर जात राहिलं. आता थांबेल असं वाटलं त्याच्या कितीतरी वरपर्यंत ते गेलं, आणि आभाळ एवढं खोल आहे हे व्हर्लीनला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. मागे गाडीच्या बोनेटवर कुणाचा तरी सोडा कलंडून सांडत होता. तो कुणी उचलला नाही.

वर एक लाल टिंब फुटलं. पॅराशूट उघडलं होतं. व्हर्लीननं श्वास सोडला, आणि जणू त्याच श्वासानं ढकलल्यासारखं ते टिंब पूर्वेकडे सरकू लागलं. खाली वारा बेताचाच होता, वर मात्र त्याला घाई होती. रॉकेट कुंपणावरून गेलं, रस्त्यावरून गेलं आणि लिओना वासिंजरबाईंच्या शेताकडे निघालं. त्या बाजूला चहूकडे कापलेला गहू होता. साऱ्या मुलखात झाड म्हणून एकच, लिओनाबाईंच्या अंगणातलं कॉटनवुड.

"एवढी जमीन मोकळी पडलीय," ड्वेन हळूच म्हणाला.

ऑरिननी दुर्बीण खाली घेतली. "झाड," ते म्हणाले.

लिओनाबाई ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. ब्रुंगार्ट नवराबायको पोचले तेव्हा त्या ओसरीवर शेंगा मोडत बसल्या होत्या. झाडाच्या शेंड्याजवळ लाल पॅराशूट फांदीला गुंडाळलं होतं आणि त्याखाली रॉकेट शांतपणे झुलत होतं. व्हर्लीननं माफी मागितली. बाईंनी ती ऐकली, मग सांगितलं की झाड नवऱ्यानं लावलेलं आहे, तेव्हा करवत सोडून काय वाटेल ते आणा.

ड्वेननं ट्रकवरची शिडी लावली. ती निम्म्यापर्यंतच पोचली. मग त्यानं लिओनाबाईंचा झाडू मासे धरायच्या जाळीच्या दांडक्याला तारेनं बांधला. आता हातभर कमी पडू लागलं. हातभर म्हणजे काहीच नाही, असं म्हणून ड्वेन शिडीवरून फांदीवर चढला. त्यानं जाताना पायानं दिलेला रेटा शिडीला सोसवला नाही. ती सावकाश कलली आणि लिओनाबाईंच्या टोमॅटोंवर आडवी झाली.

"आता खाली कसा येणारेस?" व्हर्लीननं विचारलं.

"ते नंतर बघू. आधी हे काढतो," ड्वेन म्हणाला. मग त्यानं खाली पाहिलं, आणि हे काढण्याचाही विषय संपला. त्यानं दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली, ती मारलीच.

तेवढ्यात रस्त्यावरून एक परका मोटारवाला गेला. त्याला गाडीतून दिसलं ते एवढंच, की झाडात लाल पॅराशूट आहे आणि पानांतून दोन बूट लोंबताहेत. त्यानं सज्जनपणे फोन केला आणि आभाळातून पडलेला माणूस झाडात अडकलाय, हालचाल करत नाहीये, असं कळवलं. ड्वेन स्वतः गावच्या अग्निशमन दलात होता. त्यामुळे झाडावर त्याच्या खिशातला फोन वाजला आणि त्याला कळवण्यात आलं, की वासिंजरबाईंच्या अंगणात विमानातून उडी मारलेला एक माणूस अडकलाय, ताबडतोब निघा.

"मी पोचलोय," ड्वेननं कळवलं.

भोंगा वाजवत बंब आला. मागून रुग्णवाहिका आली. दलाचे प्रमुख खाली उतरले, त्यांनी वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"ड्वेन, तू कुठल्या विमानातून उडी मारलीस?"

"शिडी लाव रे बाबा," वरून उत्तर आलं.

बंबाची लांब शिडी लागली. पण शिडी आली म्हटल्यावर ड्वेनला धीर आला. एवढं चढलोच आहे तर रिकाम्या हातानं उतरायचं नाही, असं त्यानं ठरवलं. फांदीवरून सरकत तो रॉकेटपर्यंत गेला, ते काखेत घेतलं आणि दोर चाकूनं कापले. शिडीवर दोन दलवाले हात पुढे करून उभे होते. ड्वेननं रॉकेट पहिल्याच्या हातात दिलं, पहिल्यानं दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्याला वाटलं की ते पहिल्यानं अजून सोडलेलं नाही.

रॉकेट शेपटावर पडलं. खट्‌ असा आवाज आला. एक पंख सुटून शेंगांच्या टोपलीजवळ जाऊन थांबला.

व्हर्लीननं जाऊन तो पंख उचलला. गोंदाची ती गुळगुळीत कड अजून त्याला तशीच चिकटलेली होती, फक्त पुठ्ठ्याचा एक पापुद्रा घेऊन निघाली होती. ड्वेन खाली उतरला. त्याच्या पॅंटचा गुडघा फाटला होता आणि चेहरा त्याहून फाटलेला होता.

"व्हर्लीन," तो म्हणाला, "ते अजून कोमट होतं गं. मी धरलं ना, आत ऊब होती. एवढं वर जाऊन आलं ते." त्यानं तिच्या हातातल्या पंखाकडे पाहिलं. "आणि मी तोडलं."

व्हर्लीननं त्याच्या खांद्यावरची पानं झटकली. "पुन्हा बांधू," ती म्हणाली. पंख मात्र तिनं हातातून सोडला नाही.

तेव्हा ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला. ऑरिन लिओनाबाईंच्या शेजारी मांडीवर भांडं घेऊन शेंगा मोडत बसले होते. ते केव्हा आले, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पास आहात तुम्ही," ते म्हणाले.

व्हर्लीननं हातातला पंख पुढे केला.

"तो नंतर तुटला. रॉकेट अवघड जागी अडकलं तर आहे तिथंच तपासायचं, असा नियम आहे. मी दुर्बिणीतून तपासलं. तिन्ही पंख जागेवर, नळी शाबूत. सही करून झालीय." त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

"कधी?" ड्वेननं विचारलं.

"शिडी टोमॅटोवर पडली तेव्हा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगायलाच आलो होतो," ऑरिन शेंग मोडत म्हणाले. "तुम्ही कामात होतात."

दलाच्या प्रमुखांना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. व्हर्लीन हसता हसता पायरीवर बसली आणि ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसू लागली. तो ॲप्रन लिओनाबाईंच्या कमरेला होता, पण बाईंनी तो ओढून घेतला नाही.

"मी पाहिलं हो ते येताना," लिओनाबाई झाडाकडे बघत म्हणाल्या. "इतकी वर्षं या घरात आभाळातून फक्त गारा आल्या. हे पहिल्यांदाच काहीतरी हळू आलं." मग त्यांनी विचारलं, ते वर जाताना कसं दिसतं.

ते सांगणं कुणाला जमेना. व्हर्लीननं हात वर नेला आणि तसाच ठेवला. शेवटी प्रमुखांनी बाईंना बंबात पुढच्या सीटवर बसवलं आणि सगळी वरात, रुग्णवाहिकेसह, कुरणाकडे निघाली.

तिथं ऑरिनचं स्वतःचं रॉकेट दांड्यावर उभं होतं, माणसाहून उंच. त्यांनी बटण लिओनाबाईंच्या हातात दिलं. जमीन हादरली. सगळ्यांनी तोंडं वर केली, परीक्षकांनीही, प्रमुखांनीही, नि ड्वेननं तर फाटक्या गुडघ्यानिशी टोपीसुद्धा काढली. बाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं.

वर, फार वर, पॅराशूट उघडलं.

"आता कुठं उतरेल ते?" त्यांनी विचारलं.

ऑरिननी वाऱ्याकडे पाहिलं. ते खोटं बोलणारे नव्हते. "तुमच्याकडेच," ते म्हणाले.

लिओनाबाई घाईघाईनं बंबाकडे वळल्या. "मग मला आधी घरी सोडा," त्या म्हणाल्या, "पाहुणा यायचा आणि दारात कुणी नाही, हे बरं दिसत नाही."