निळं दूध

"मावशी, दुधात पाणी घातलंयस."

आकाराम पैलवान असं म्हणाला आणि चौकातल्या दूधकट्ट्यावरचे सगळे गिलास ओठांपाशी थबकले.

कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, गिऱ्हाईकही समोरच. धार चरवीत, चरवीतून गिलासात, फेस जिरायच्या आत गिलास रिकामा. पाणी घालायला मध्ये जागाच नाही. नवऱ्याच्या मागं तानूबाईनं दोन म्हशींवर घर चालवलं ते याच विश्वासावर. तो विश्वासच गेला तर तिच्यापाशी काय उरणार होतं?

"डोळ्यादेखत धार काढली न्हवं? का माझ्या हाताला नळ बसवलाय?"

"मग हे निळं कशानं?"

तानूबाईनं चरवीत वाकून बघितलं. दूध निळं होतं. खरोखरच निळं.

त्याच संध्याकाळी चौकात नवा दिवा लागला होता. आधी खांबावर एक पिवळा बल्ब होता. त्याचा उजेड खांबाच्या बुडापर्यंतसुद्धा धड पोचत नसे. दुपारी पालिकेचा वायरमन निसार आला आणि बल्ब उतरवून मर्क्युरीचा दिवा चढवून गेला. दिवस मावळल्यावर त्यात आधी नुसता जांभळा ठिपका उमटला. लोक हसले. मग ठिपका फुगत गेला, फुगतच गेला, आणि हसणं बंद झालं.

आई गं.

चांदणं म्हणायचं का काय?

चांदण्यात हाताच्या रेघा दिसत्यात व्हय?

कौलं मोज. मोज की!

कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

आणि आता त्याच उजेडात दूध निळं दिसत होतं. तानूबाई चरवी घेऊन तरातरा घरात गेली. कंदिलापाशी दूध पांढरं. बाहेर आली, निळं. पुन्हा आत, पांढरं.

"दिव्याचा खेळ हाय हा!" ती ओरडली. "घरात येऊन बघा, पांढरंशुभ्र हाय!"

"कंदिलात काय कळतंय मावशी?" आकाराम म्हणाला. "एवढ्या उजेडात दिसतंय ते खोटं कसं असंल?"

कट्ट्यानं माना डोलावल्या. एवढा उजेड. खोटा कसा असेल?

"मग सकाळच्याला उन्हात बघतोस तवा?"

"तवा पांढरं असतंय. म्हंजे पाणी तू संध्याकाळीच घालतीस."

तेवढ्यात गल्लीतली नवी सून शालन गिलास घेऊन आली. तिच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसत होतं. सासू किंचाळली. शालन घरी पळाली, धुऊन पुसून लालभडक कुंकू लावून आली. चौकात पाऊल टाकलं, पुन्हा काळं. दिव्याला मात्र कुणी बोल लावला नाही. कुंकवाच्या दुकानदाराला लावला.

दुसऱ्या संध्याकाळी गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या कट्ट्यावर गेलं. तिथं अजून पिवळा बल्ब होता. तानूबाईची चरवी भरलेली राहिली आणि म्हैस मान वळवून वळवून रस्त्याकडे बघू लागली.

तिसऱ्या संध्याकाळी तानूबाईनं निसारला हाताला धरून आणलं. "बाबा, तुझ्या दिव्यानं माझं घर बुडवलं. कायतरी कर."

निसार भला माणूस. त्यानं दिव्याभोवती पिवळा पतंगाचा कागद बांधला. निळं गेलं. बघायला आलेल्या आकारामनं गिलास वर धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"पिवळं? मावशी, हे तर गाईचं!"

पैलवानाला गाईचं दूध! यापेक्षा पाणी बरं होतं. कट्ट्यावर शिव्यांचा पाऊस पडला.

"कागद काढ त्यो!" तानूबाई कडाडली. "माझा जुना बल्ब लाव!"

"नव्याला हात लावायचा न्हाय!" गल्ली गरजली. "आजूबाजूला हाय का कुणाकडं असला?"

"लाव!"

"काढायचा न्हाय!"

शिडीवर निसार. खाली एकीकडे विधवा बाई, दुसरीकडे सगळी गल्ली. त्यानं कागद फाडला, नवा दिवा तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारीच जुना बल्ब तारेनं बांधून लावला. दोघांचंही ऐकलं.

पिवळा आणि निळा उजेड एकमेकांत मिसळले.

शालनचं कुंकू लाल झालं. म्हशीचं काळं अंग काळंच राहिलं, पण केस न् केस चमकला. आणि चरवीतलं दूध.

निसार शिडी उतरायचं विसरला.

"मावशी," आकाराम हळूच म्हणाला, "चुकलो. गिलास दे."

मग सगळ्यांनीच मागितले. पुढच्या चौकातलं गिऱ्हाईकही पळत आलं. तानूबाई धारेवर धार काढत होती, डोळे पुसत होती, गिलास भरत होती. बघता बघता गिलास संपले. मागं रांग लागली आणि परत मात्र एकही गिलास येईना. तिनं मान वर केली. सगळा चौक गिलास उजेडात धरून उभा होता. कुणीही पीत नव्हतं.

"पैलवान, गिलास मोकळा कर की! मागं माणसं खोळंबल्यात."

"थांब गं मावशी." आकारामची नजर गिलासावरून हलली नाही. "असलं पांढरं जन्मात बघितलं न्हाय. प्यालो तर संपंल की."

तानूबाईनं रांगेकडे बघितलं, गिलासांच्या रिकाम्या फळीकडे बघितलं, मग शिडीकडे तोंड केलं.

"निसार, बाबा, दोन्ही दिवं जरा बंद कर. दूध पिऊ देत ह्यास्नी."