वीस मिनिटांचा सत्कार

तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि अंगद सरांच्या गळ्यात तिसरा हार पडला.

खाली प्रयोगशाळेत त्यांचा पॉलिमर मशीनवर गरम गंधकाम्लात फिरत होता. अकराला टाकलेला. तीनला बर्फाच्या पाण्यात ओतायचा. मग पांढरे धागे पडतात, धाग्यांपासून पातळ पडदा होतो, आणि त्या पडद्यातून प्रोटॉन आरपार गेले की हायड्रोजनपासून वीज होते. आम्लात कमी वेळ ठेवला तर प्रोटॉन अडतात, जास्त ठेवला तर पडदाच पाण्यात विरघळतो. बाटलीतला हा शेवटचा पॉलिमर होता. मागची बाटली यायला अकरा महिने लागले होते आणि पीएचडीची मुदत उरली होती तीन महिने.

"फक्त वीस मिनिटं, सर," असं सांगून प्राचार्यांनी दीड वाजता त्यांना मंचावर बसवलं होतं. संशोधनाची बातमी तालुक्याच्या पेपरात आली होती, म्हणून संस्थेचे अध्यक्ष आप्पा स्वतः सत्काराला आले होते.

सर उठले. "सरांना भावना आवरेनात!" सूत्रसंचालन करणाऱ्या सायली मॅडम माईकवर म्हणाल्या. टाळ्या पडल्या. सर बसले.

पुन्हा उठले, तेव्हा आप्पांनी मनगट धरलं. "बसा हो. लाजायलेत कावून?"

शेवटी सरांनी खुणेनं शिपाई रामकिसनला खुर्चीमागं बोलावलं. "रामकिसन, बादलीतला बर्फ वितळला का बघ."

"बर्फ? त्यो तर मगाच संपला."

"संपला? कुठं?"

रामकिसननं आप्पांच्या हातातल्या सरबताच्या ग्लासाकडं बोट केलं. "प्राचार्य म्हन्ले, पाव्हन्यायला गार लागतंय."

केजहून पोत्यात गुंडाळून आणलेला चार किलो बर्फ आप्पांच्या ग्लासात किणकिणत होता.

"बरं, लॅबमधली मशीन तरी बंद कर. पळ!"

रामकिसन पळाला. कोणती मशीन ते त्यानं विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं मेन स्विचच पाडला. पंखे थांबले, माईक मुका झाला, आप्पांचं भाषण अर्ध्यात तुटलं. प्राचार्य ओरडले, तसा रामकिसननं मेन पुन्हा चढवला. खाली मशीन पुन्हा फिरू लागली आणि वर आप्पांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

साडेपाचला सर सुटले. हारासकट जिना उतरले, पाणपोईच्या रांजणातलं गार पाणी आणलं आणि फ्लास्क थेंबथेंब ओतू लागले. एकही धागा पडला नाही. थेंब पाण्यात पडायचा आणि नाहीसा व्हायचा. सगळं ओतून झालं तरी पाणी नितळच. मग व्हरांड्यात येऊन त्यांनी संभाजीनगरला आपल्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्या पॉलिमरचं नाव लांबलचक, म्हणून इंग्रजी आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'पीक' म्हणत.

"मॅडम, संपलं. पीक सगळं पाण्यात गेलं."

गाडीकडं निघालेले आप्पा जागीच थबकले. फोन खाली जाताच त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आन् तुमी दिवसभर हसत बसलात, सर? सांगायचं न्हाई का?"

"आप्पा, ते पीक नाही... म्हणजे पीकच, पण आपलं ते नाही..."

"दुखात मानूस असंच बोलतं," आप्पा ड्रायव्हरला म्हणाले आणि त्यांनी तिथूनच कुणाला तरी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी प्रयोगशाळेच्या दारात उभे. काखेत पंचनाम्याचे कागद.

"आप्पांचा फोन आलता. क्षेत्र किती, सर?"

"दहा ग्रॅम."

"गुंठ्यात सांगा."

सर स्टुलावर बसले.

"बरं, ते भरतो मी मागून. नुकसान कशानं झालं? अतिवृष्टी लिहू का?"

सरांनी टेबलावरचा कालचा हार बाजूला सारला.

"सत्कारानं," ते म्हणाले.

तलाठ्यांनी कागद उलटसुलट करून नीट पाहिला.

"तसा रकाना न्हाई, सर."