आत्याला ऐसपैस लागतं

माझी लीलाआत्या म्हणजे नुसती काडी. पदर वाऱ्यावर उडाला तर मागोमाग तीही जाईल. पण हॉटेलात शिरली की बाईला हत्तीएवढी जागा लागते!

"टेबल सरकव रे बाबा, मला ऐसपैस लागतं!" हुकूम दारातूनच सुटतो.

वेटर आधी तिच्याकडं बघतो, मग तिच्या मागं कोण आहे ते बघतो. मागं मी असते. मी बसले की रिक्षावाला खाली वाकून चाकातली हवा बघतो, एवढं सांगितलं की पुरे.

मी खरं तर हॉटेल सोडलंच होतं. ऑफिसच्या पार्टीत जमिनीला ठोकलेल्या बाकड्यात अडकले. निघायला जोर लावला, तर टेबलासकट डाळ साहेबांच्या मांडीवर. सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. त्यानंतर कुणी जेवायला बोलावलं की माझं ठरलेलं, "पार्सल आणू या ना!"

तेवढ्यात आत्या लासूर स्टेशनहून आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली. "पार्सल खाऊन जिभेला बुरशी आली माय. ऊठ!" म्हणाली आणि मला ओढून घेऊन गेली.

तिचे नखरे काय सांगावेत! ठोकलेलं बाकडं दिसलं की, "हॉटेल हाय का यष्टी?" हाताच्या खुर्च्याही चालत नाहीत. का, तर "माझ्या कोपरांना टोचतात." एकदा जालना रोडवर एक वेटर म्हणाला, "खाला, टेबल फिक्स है."

"मंग आमचा इरादा पण फिक्स हाय," आत्या म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. शेवटी मालकानं फॅमिली रूम उघडून दिली. सगळं हॉटेल तिच्याकडं बघून हसत होतं. माझ्याकडं बघायला कुणाला फुरसतच नव्हती. मी पोटभर जेवले.

लई हट्टी बाई, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

मागच्या आठवड्यात शहागंजला पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. समोर एक चिंचोळं हॉटेल. बाकड्यावर तीन दांडगी माणसं आणि टोकाला चौथी आमची आत्या! अर्धी बाकड्यावर, अर्धी हवेत. मांडीवर शेजारणीची पिशवी, हातात भज्यांची बशी. पाचवं गिऱ्हाईक आलं, तर ही म्हणते, "या की, होते जागा!" आणि सरकली.

मी कापड न घेताच घरी आले. जिन्यात बसून रडले, पण हे रडणं वेगळं होतं. तिला काही बोलले मात्र नाही.

परवा आम्ही पुन्हा जेवायला गेलो. दारात आत्यानं पदर खोचला, तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. मीच म्हणाले, "दादा, टेबल जरा सरकवा. मला जागा लागते. हिला नाही, मला."

वेटरनं टेबल सरकवलं आणि पाणी आणायला गेला. कुणी हसलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही!

आत्या चष्मा काढून पुसत राहिली. मग हळूच भिंतीला चिकटून बसली आणि म्हणाली, "बस माय. ऐसपैस बस."